"कोणती सायकल?" असं कुणी विचारलं तर: नवीन सायकलवाल्यांसाठी

रविवारी सकाळी साडेपाच-सहाला पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या पायथ्याशी नाहीतर खडकवासल्याच्या चौपाटीवर जाऊन उभं राहा, ओळख नसलेली माणसंही थांबतात, आणि पहिला प्रश्न नाव काय, राहायला कुठे असा नसतो, "कोणती सायकल?" असाच असतो. नवीन आलेली मंडळी इथे गडबडतात. कंपनीचं नाव सांगतात आणि गप्प बसतात, किंवा सरळ किंमत सांगून टाकतात. मग बोलणं तिथेच संपतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या एका प्रश्नातून पुढे अर्धा तास गप्पा होऊ शकतात, कुणीतरी तुमची सीट दोन बोटं वर करून देतं, कुणी टायर दाबून बघतं आणि हवा कमी आहे म्हणतं, आणि त्या दिवसापासून तुमची राईड बदलते. माझं सगळं शिक्षण असंच रस्त्याकडेला झालंय, चहा पिता पिता.

तर हा लेख त्यासाठी आहे. आपली सायकल नीट ओळखायची कशी, दुसऱ्याला सांगायची कशी, दुसऱ्याची विचारायची कशी. सायकल ५ हजाराची असो की ५ लाखाची, पद्धत तीच.

पहिलं काम: सायकलवर काय लिहिलंय ते वाचा

एक मोकळी संध्याकाळ घ्या, ओलं फडकं घ्या आणि सायकल पुसून काढा. पुसताना वाचत जा. सायकलवर जवळजवळ सगळी माहिती लिहिलेलीच असते, आपण बघत नाही एवढंच. फोनमध्ये एक नोट उघडा आणि सापडेल तसं लिहून ठेवा.

कंपनी आणि मॉडेल दांडीवर असतं. मॉडेलचं पूर्ण नाव लिहा, कारण नुसतं "फायरफॉक्स आहे", "ट्रेक आहे" किंवा "डेकॅथलॉनची आहे" याने समोरच्याला काहीच कळत नाही. एकाच कंपनीची मुलांची सायकलही असते आणि कार्बनची रेसिंगवालीही असते. कुठल्या वर्षी घेतली तेही लिहा, बिल असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

मग फ्रेमचा साईज. सीटखालच्या उभ्या नळीवर छोटा स्टिकर असतो. रोड सायकलला बहुतेक सेंटीमीटरमध्ये (४८, ५०, ५२, ५४ असं), एमटीबीला, म्हणजे डोंगरात चालवायच्या माउंटन बाईकला, इंचात किंवा एस, एम, एल. स्टिकर निघून गेला असेल तर टेप घेऊन पायडल जिथे फिरतं त्या बुशच्या मध्यापासून उभी नळी वर संपते तिथपर्यंत मोजा. हल्लीच्या तिरक्या दांडीच्या फ्रेमला हे माप कंपनीच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही पण अंदाज येतो. इथे एक सांगतेच, दुकानात जो साईज शिल्लक असतो तोच "तुमचा साईज" ठरतो हे मी फार वेळा बघितलंय, विशेषतः कमी उंचीच्या मुलींच्या बाबतीत. पाच फुटाच्या मुलीला एम फ्रेम दिलेली असते, ती बिचारी हँडलपर्यंत वाकून वाकून मान धरून घेते आणि तीन महिन्यात सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते. म्हणून साईज सांगताना स्वतःची उंचीही सांगा. अनुभवी माणूस लगेच ओळखतो.

आता टायर. इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

टायरच्या कडेला आकडे असतात. समजा ७०० × २८सी असं लिहिलंय, त्याच्या बाजूला बारीक अक्षरात २८-६२२ असंही असतं. ते बारीक अक्षरातलंच खरं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमचा व्यास, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला. हा दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो. रोड सायकल आणि हायब्रिडचं (रोड आणि एमटीबीच्या मधली सायकल) ७००सी म्हणजे ६२२, आणि गंमत म्हणजे २९ इंची एमटीबीचंही ६२२च. साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४. एमटीबीची २६ इंची म्हणजे ५५९, पण जुन्या लेडीज सायकलवर २६ × १ ३/८ लिहिलेलं असतं ते ५९०, म्हणजे दोन्हीला आपण "सव्वीस"च म्हणतो आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. आणि आपल्या आजोबांची काळी दांडीची सायकल, २८ × १ १/२ वाली, ती ६३५.

हे मी एवढं ताणून का सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी बोपदेवने वर चढून सासवडला नाश्ता करून दिवे घाटाने उतरायचं असा आमचा नेहमीचा गोल होता, त्या दिवशी मी एकटीच होते. एक पंक्चर आधीच झालं होतं, जवळची ट्यूब टाकली होती, आणि सासवड सोडल्यावर दुसऱ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बुडातून फाटला, तिथे पॅच लागत नाही. दादाला फोन केला, म्हटलं, "अठ्ठावीसची ट्यूब घेऊन ये." त्याने कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन अठ्ठावीसची ट्यूब मागितली, दुकानदाराने अठ्ठावीसचीच दिली, स्कूटर काढून दादा एवढ्या उन्हात वर आला, आणि ती निघाली काळ्या सायकलची अठ्ठावीस इंची. माझी ७०० बाय २८, म्हणजे माझे २८ मिलिमीटर आणि दुकानाचे २८ इंच! ट्यूब थोडी मोठी होती, ती कशीबशी कोंबलीही असती, पण त्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड, माझ्या रिमचं भोक बारीक, तो आत जाईचना. शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी सायकल मागे टाकून हडपसरपर्यंत आणून दिली, पैसेही घेतले नाहीत. यात चूक दादाची नव्हती आणि दुकानाचीही नव्हती, मी अर्धा आकडा सांगितला होता.

म्हणून नोटमध्ये व्हॉल्व्हपण लिहा. तीन प्रकार आपल्याकडे दिसतात. जुन्या सायकलींचा, ज्यात आत रबरी व्हॉल्व्ह ट्यूब असते तो. मोटरसायकल-कारसारखा जाड तो श्रेडर. आणि बारीक, टोकाला छोटा नट असलेला तो प्रेस्टा. प्रेस्टाला पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे हवा भरता येत नाही, त्याला पितळी अडॅप्टर लागतो. अगदी स्वस्तात मिळतो, नखाएवढा असतो, एक विकत घेऊन व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा. हवा किती भरायची तेही टायरच्या कडेलाच पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, त्याच्या मधे राहा.

शेवटचं वाचायचं ते सायकल उलटी करून. पायडलच्या बुशखाली ठोकलेला नंबर असतो, काही सायकलींना तो पुढच्या नळीवर किंवा मागच्या चाकाजवळही असतो. हा तुमच्या सायकलचा आधार नंबर समजा. त्याचा फोटो काढून ठेवा, मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. सायकल चोरीला गेली तर तक्रार देताना हा आणि बिल हेच कामाला येतं. आणि हा एकच आकडा असा आहे जो कुणाला सांगायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही.

गिअर: किती आहेत हे विचारू नका, दात मोजा

"माझी २१ गिअरची", "माझी २४ गिअरची" असं आपण लहानपणापासून म्हणतो. पुढे ३ चकत्या मागे ७, म्हणून २१. पण हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्यातले बरेच गिअर एकमेकांसारखेच पडतात. हल्ली पुढे एकच चकती असलेल्या भारी एमटीबी येतात, मागे ११ किंवा १२, आणि त्या आपल्या २१ वालीपेक्षा उभा चढ आरामात चढतात.

खरा प्रश्न असतो "या सायकलवर सिंहगड चढेन का?" त्याचं उत्तर दातात आहे. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे मोजा (खडूने एका दातावर खूण करून सुरू करा नाहीतर चुकतं). बहुतेक वेळा चकतीवर आकडा कोरलेलाही असतो. आता पुढचा भागिले मागचा. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर उत्तर येतं साधारण १.०६, म्हणजे एका पायडलमागे चाक एक फेरीपेक्षा जरासं जास्त फिरतं. पुढे २४ मागे ३४ वाली एमटीबी असेल तर ०.७. हा आकडा जितका लहान तितका चढ सोपा, वेग कमी पण पाय टिकतात. गोळेवाडीपासून वर सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ आहे, नवीन माणसाला १ च्या आसपास किंवा खाली असेल तर गुडघे शाबूत ठेवून जाता येतं. पुढे ३४ मागे २८ वाली रोड सायकल म्हणजे १.२१, त्यावर चढणारे आहेत, पण ते दोन-तीन वर्षं चालवणारे. म्हणून कुणी सांगितलं "मी तर आरामात चढलो" तर त्याला त्याचे दात विचारा! हसू नका, आमच्याकडे खरंच असंच विचारतात.

गिअरची कंपनी बहुतेक शिमानो असते. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन इकडून तिकडे टाकणारा जो हात असतो त्यावर नाव असतं. एमटीबी-हायब्रिडला खालून वर टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे अशी चढती भाजणी. रोडला क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युराएस. पहिली सायकल असेल तर खालच्या पायरीवर असण्यात काहीही कमी नाही, नीट ट्यून केलेलं टूर्नी हे वाकड्या हँगरवरच्या (डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्यावर लटकतो तो) डिओरेपेक्षा केव्हाही चांगलं चालतं. हे नाव लिहून ठेवायचं ते मिरवायला नव्हे, तर पार्ट मागवताना लागतं म्हणून. ८ स्पीडची, म्हणजे मागे ८ चकत्यांची, चेन ११ स्पीडला चालत नाही. बस.

फोटो काढा, पण चेनच्या बाजूने

सायकलचा फोटो म्हटलं की लोक समोरून काढतात, स्वतः सायकलवर बसून, मागे डोंगर. छान आहे, घरच्यांना पाठवा. पण सायकल दाखवायची असेल तर उजव्या बाजूने काढा, म्हणजे चेन, गिअर, चकत्या सगळं दिसतं. सायकल उभी, फोन सायकलच्या दांडीच्या उंचीला धरून, म्हणजे तुम्हाला गुडघ्यावर बसावं लागेल. उभ्याने वरून काढला की चाकं अंड्यासारखी दिसतात आणि सीट किती वर आहे तेही कळत नाही. मागे साधी भिंत असली तर उत्तम, कपड्यांची दोरी आणि झाडांच्या कुंड्या असल्या की सायकल त्यात हरवते.

याच्या जोडीला आणखी दोन फोटो असावेत, एक मागच्या गिअरचा जवळून, एक तुम्ही सायकलवर बसलेले असताना बाजूने, भिंतीला हात टेकून, एक पायडल सगळ्यात खाली. हा दुसरा फोटो सोन्याचा आहे. तो बघून जाणकार माणूस सांगतो की सीट खाली आहे, हँडल लांब आहे, तुम्ही खांदे चढवून बसताय.

आणि एक काळजीचं. फोटोत सोसायटीचं नाव, फ्लॅटचा नंबर, सायकल जिथे बांधता तो जिना दिसू देऊ नका. स्ट्रावा या राईड नोंदवायच्या अ‍ॅपवर राईड टाकत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवून ठेवा, नाहीतर नकाशावर तुमचं घर आणि तुमच्या महागड्या सायकलचा पत्ता सगळ्यांना मिळतो. मुलींनी तर हे पहिल्याच दिवशी करावं.

सायकल सांगा म्हणजे तुमचा वापर सांगा

आकडे झाले. आता त्याच्यापुढे जायचं. मला कुणी "मेरिडा, ५० साईज, ७०० बाय २८, क्लॅरिस" एवढंच सांगितलं तर मला सायकल कळली, माणूस नाही कळला. त्याच्यापुढे चार वाक्यं बोला. रोज किती जाता, कुठल्या रस्त्याने, पाठीवर काय असतं, काय बदललंत आणि का.

उदाहरणार्थ: "हायब्रिड आहे, ७०० बाय ३८, चार वर्षं झाली, रोज वारज्याहून शिवाजीनगरला ऑफिसला जाते, लॅपटॉप आधी पाठीवर न्यायचे, पाठ घामाने भिजायची म्हणून कॅरिअर लावून बॅग त्यावर टाकली, मडगार्ड पावसाळ्यात लावते मग काढतच नाही, सीट बदललेली आहे, जुनी टोचायची." बघा, यात ऐकणाऱ्याला विचारायला पाच गोष्टी मिळाल्या. कॅरिअर कुठलं, फ्रेमला भोकं होती का क्लॅम्पचं लावलं, सीट कुठली घेतली. आणि ज्याला उद्यापासून ऑफिसला सायकल न्यायचीय त्याचं अर्धं काम झालं.

मोठ्या अंतराच्या राईडवाल्यांचंही तसंच. ब्रेव्हे करणारे भेटले, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासात, ३०० वीस तासात, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस तासात अशा राईड करणारे, तर त्यांच्या सायकलकडे नीट बघा. हलकी-भारी हे सोडा. दिवा कुठे बांधलाय, पाण्याच्या बाटल्या किती, पुढच्या छोट्या पिशवीत काय आहे, हँडलला टेप किती जाड गुंडाळलीय हे बघा. ब्रेव्हेला सायकल कुठल्याही प्रकारची चालते, माणसाच्या ताकदीवर चालणारी असली म्हणजे झालं, साध्या हायब्रिडवर २०० पूर्ण करणारे मी स्वतः पाहिलेत. पुढे-मागे दिवे आणि अंगावर चमकणारं जॅकेट मात्र रात्रीला हवंच.

किंमतीचं काय? कुणी विचारली तर सांगा, लपवण्यासारखं काही नाही, पण स्वतःहून पहिल्यांदा ती सांगू नका आणि दुसऱ्याला पहिल्यांदा ती विचारू नका. किंमत आली की तुलना येते, आणि १२ हजाराची सायकल घेऊन आलेलं पोरगं गप्प होऊन मागे जाऊन उभं राहतं. मग तो पुढच्या रविवारी येत नाही. मला हे सहन होत नाही.

आवाज आणि दुखणं कसं सांगायचं

गप्पांमध्ये सगळ्यात उपयोगी भाग हा. "सायकल आवाज करते" म्हटलं तर कुणीच काही सांगू शकत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर कुठे दुखतं, कधी दुखतं सांगतो तसं सांगा.

शांत रस्त्यावर जा आणि ऐका. पायडल मारणं थांबवलं की आवाज थांबतो का? थांबत असेल आणि पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा टक् होत असेल तर पायडल, क्रँक (पायडल ज्या दांड्यावर बसतं तो) किंवा मधला बुश बघायचा. पायडल थांबवूनही चालूच राहतो, चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येतो, तर चाकात शोधा: एखादी तार ढिली, रिम आऊट, ब्रेकला घासतंय, नाहीतर टायरमध्ये खडा अडकलाय. फक्त बसून चालवताना येतो आणि उभं राहिलं की जातो, मग सीट किंवा सीटची नळी, ती काढून पुसून ग्रीस लावून परत घाला (कार्बनची असेल तर ग्रीस नाही, तिची वेगळी पेस्ट मिळते). उलट फक्त उभं राहून जोर लावताना कुरकुर होते तर हँडल आणि स्टेमचे (हँडल धरून ठेवणारा तुकडा) बोल्ट. मी एकदा आठ दिवस मधला बुश गेला म्हणून धरून बसले होते आणि निघालं ते पायडल ढिलं. तेव्हापासून आधी फुकटातलं तपासायचं, मग खर्चाचं.

चेन उडत असेल, गिअर आपोआप बदलत असेल, तर चेन ताणली गेलीय का बघा. साधी शाळेची पट्टी चालते. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, १२ इंचावर बरोबर दुसरी पिन यायला हवी. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदला. आठवा भाग पुढे गेली असेल तर उशीर झाला, मागच्या चकत्यांनाही खाल्लं असणार आणि आता दोन्ही बदलावं लागेल. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल आणि रेती चेनमध्ये जाते, कोकणात तर खारी हवाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे दर पंधरा दिवसांनी बघा.

शरीराचं तसंच. गुडघा पुढून दुखतो की मागून, हे वेगळं सांगा. पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर सीट फार वर. घरच्या घरी सुरुवात अशी करा, सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढा बाक आपोआप राहतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे, लहानपणची, आणि बरेच गुडघे त्यातून जातात. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो, हे एकदा शिकलात की सीट वर न्यायची भीती जाते. हात बधीर होत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, मग हँडल लांब पडतंय का. आणि या उपायांनी पंधरा दिवसात फरक पडला नाही तर सरळ डॉक्टरकडे जा, ग्रुपवर विचारत बसू नका.

दुसऱ्याची सायकल

बघायला घ्या, मनापासून बघा, पण हात लावण्याआधी विचारा. उचलून वजन बघायचा मोह सगळ्यांना होतो. विचारून उचला, दांडीला धरून, चाकाला किंवा सीटला नाही. उभ्या सायकलचे गिअर खटाखट दाबू नका, चेन हललेली नसताना दाबले की पुढच्या पायडलला सगळं एकदम कचकन बदलतं. डिस्क ब्रेकच्या चकतीला बोट लावू नका, बोटाचं तेल लागतं, आणि राईडनंतर ती भाजण्याइतकी तापलेलीही असते.

एक चक्कर मारायला मिळाली तर आधी मालकालाच विचारा पुढचा ब्रेक कुठल्या हाताला. सगळ्या सायकलींना सारखा नसतो. सवयीने करकचून दाबलात आणि तो पुढचा निघाला तर हँडलवरून खाली. मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक हळू दाबून बघा, मगच निघा. सीट वरखाली करावी लागली तर आधी तिच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करा, परत देताना तिथेच आणून द्या. कुणाची वर्षानुवर्षांची बसलेली सीट एक सेंटीमीटरने हलली तरी त्याला पुढच्या राईडला जाणवतं. काही खरचटलं, आपटलं तर त्याच क्षणी सांगा.

स्वतःची सायकल दुसऱ्याला द्या, हेही सांगते. एका मैत्रिणीने मला तिची रोड सायकल दोन रविवार चालवायला दिली होती म्हणून मला कळलं की मला खाली वाकलेलं हँडल झेपतं. दुकानातल्या पाच मिनिटांच्या चकरेत ते कळलं नसतं. तिचा तो उपकार मी अशीच माझी सायकल देऊन फेडतेय.

आणि काळ्या सायकलवाल्यांशी बोला

राईडला जाताना पहाटे पेपर टाकणारे, दूध पोचवणारे काका भेटतात. त्यांच्या सायकली हीरो, अ‍ॅटलस, हर्क्युलिस, एव्हन. पोलादी फ्रेम, सळईचे ब्रेक, वजन वीस किलोच्या आसपास आणि वर तेवढंच किंवा त्याहून जास्त ओझं. चहाच्या टपरीवर थांबलात तर त्यांनाही विचारा "काका, कधीची सायकल?" मी विचारलं तेव्हा एका काकांनी पंचवीस वर्षांचा हिशोब सांगितला, रिम किती वेळा बदलली, छर्रे आणि ग्रीस कधी, ओव्हरहॉलिंग दर दिवाळीला. आमच्या ग्रुपमधल्या कुणालाही आपली सायकल इतकी ठाऊक नाही.

घरात आजोबांची जुनी सायकल पडून असेल तर भंगारात देण्याआधी पुढच्या नळीवरचा बिल्ला पुसून वाचा. रॅले, बीएसए, हंबर, फिलिप्स असलं काही निघालं तर जपा. रॅलेला मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी आर्चर कंपनीचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, असेल तर त्याच्या अंगावर बारीक आकडे ठोकलेले असतात, त्यात तो हब कुठल्या वर्षी बनला ते मिळतं. फडकं आणि थोडं रॉकेल घेऊन घासा, आकडा दिसला की अंगावर काटा येतो, आजोबांनी ती कधी घेतली असेल त्याचा अंदाज लागतो. अशा सायकली बघायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे, दुसऱ्या महायुद्धातली घडी घालता येणारी बीएसए पॅराट्रूपर तिथे आहे, मुलांना घेऊन जा.

आता ती नोट. राईडवरून आलात की आठवड्यातून एकदा उघडा. चेन कधी बदलली, टायर कधी टाकला, सीटची उंची किती (बुशच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत), सर्व्हिसिंगला काय काय केलं, तारखेसकट. सर्व्हिसिंगहून आणताना सीटची उंची टेपने परत मोजा, स्टँडला लावताना बऱ्याचदा खालीवर करतात. नोटचा स्क्रीनशॉट घरच्या एका माणसाच्या फोनमध्ये ठेवा, त्यात टायरचा पूर्ण आकडा आणि व्हॉल्व्हचं नाव वरच्या ओळीत. माझी आता दादाच्या फोनमध्ये आहे: ७०० × २८सी, प्रेस्टा, लांब ४८ मिमी.